एमेट पाइकचा घसा बसला तो दिवस

ज्ञानदेव मेश्रामांनी चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षं नोकरी केली. त्यातली एकवीस वर्षं नकला विभागात गेली. पक्षकार अर्ज करायचा, ज्ञानदेव रेकॉर्डमधून मूळ कागद काढायचे, नक्कल तयार करवून घ्यायचे, ती मूळ कागदाशी शब्दन् शब्द ताडून पाहायचे आणि मग ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून खाली सही करायचे. त्या काळात न्यायाधीश साक्षी स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहून घेत. वरोऱ्याला एक साहेब होते, त्यांचं अक्षर त्यांच्या स्टेनोलाही लागत नसे. नागपूरहून हायकोर्टाचे वकील यायचे, कागद तिरपा करून बघायचे, उजेडाकडे धरून बघायचे आणि शेवटी विचारायचे, “मेश्राम कुठे बसतात?”

निवृत्त झाल्यावर हे कुणी विचारेनासं झालं. पत्नी गेल्यावर ज्ञानदेव अमेरिकेत मुलीकडे राहायला आले. दीक्षा इलिनॉयमधल्या वॉल्नट फॉर्क नावाच्या लहानशा गावात काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, बांधकाम खात्यात इंजिनिअर होती. जावई कुशल घरूनच कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि दिवसभर कानाला हेडफोन लावून असायचा. ज्ञानदेव सकाळी फिरून येत, भाजी चिरून ठेवत, दुपारी व्हरांड्यात बसून मक्याच्या शेताकडे बघत. तक्रार काही नव्हती. पण मका बघून बघून किती बघणार?

मार्च महिन्यात कोर्टाच्या जुन्या इमारतीत तळघराचा पाइप फुटला. इमारतीची दुरुस्ती दीक्षाकडे होती. तळघरातून ओले खोके बाहेर निघाले, त्यातला एक खोका शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा वकिलाचा होता. दीक्षानं घरी आल्यावर फोनवरचा फोटो वडिलांसमोर धरला.

“बाबा, हे बघा ना. म्युझियमच्या बायकांना वाचताच येत नाहीये. तरुण मुलांना तर कर्सिव्ह शिकवतच नाहीत म्हणे. कॉम्प्युटरला दिलं तर त्यानं निम्म्या ओळींत प्रश्नचिन्हं टाकली.”

ज्ञानदेवांनी सुरी बाजूला ठेवली, हात पुसले, चष्मा चढवला. “‘वादीनं कुंपण माझ्या अशिलाच्या हद्दीत तीन फूट आत घातलं, हे त्याच्या गायीलाही माहीत आहे.’” मग मान वर करून म्हणाले, “सोपं आहे की. माणूस एन आणि यू सारखाच काढतो आणि ए कधी बंद करत नाही. एवढं कळलं की झालं.”

पुढच्या मंगळवारी दीक्षानं त्यांना म्युझियमच्या दारात सोडलं.

म्युझियम म्हणजे जुन्या फायर स्टेशनच्या दोन खोल्या. तिथल्या अध्यक्ष मार्जरी टिलसन सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांना त्या अजून “खाली बस” असं डोळ्यांनी सांगू शकत. ज्ञानदेव त्यांना पहिल्या दिवसापासून ‘मॅडम’ म्हणायला लागले.

“मार्जरी म्हणा,” त्या म्हणाल्या.

“हो मॅडम,” ज्ञानदेव म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

खोका होता एमेट पाइकचा. मार्जरीबाईंनी त्याच्याबद्दल गावाला माहीत असलेलं सगळं चहा ओतता ओतता सांगितलं. विहिरी खणणाऱ्याचा मुलगा. एका म्हाताऱ्या वकिलाच्या ऑफिसात झाडलोट करत करत कायदा शिकला आणि पंचविसाव्या वर्षी सनद मिळवली. राज्याच्या विधानसभेला दोनदा पडला, तिसऱ्यांदा निवडून आला. आणि १९११ साली त्यानं गाव वाचवलं. शेजारच्या मेरिडॉन गावच्या लोकांनी काउंटीचे दोन तुकडे करण्याचं बिल आणलं होतं. ते पास झालं असतं तर कोर्ट मेरिडॉनला गेलं असतं, कोर्टामागे वकील गेले असते, हॉटेल गेलं असतं, रेल्वेचं स्टेशनही टिकलं नसतं. त्या दिवशी पाइक सभागृहात उभा राहिला आणि सलग सहा तास बोलला. बिल चार मतांनी पडलं. कोर्टासमोर पितळी पाटी आहे. दर सप्टेंबरला गावात ‘पाइक डे’ असतो, सफरचंद घातलेल्या ‘ॲपल पाय’ या भाजलेल्या गोड पदार्थाची स्पर्धा असते, आणि एक माणूस काळा लांब कोट घालून ते भाषण करतो.

“सहा तास?” ज्ञानदेवांनी विचारलं.

“सहा मिनिटं. ॲपल पाय थंड होतात ना.” मार्जरीबाई हसल्या. मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाल्या, “सव्वीस वर्षं ते भाषण माझ्या नवऱ्यानं केलं. रॉयनं. दोन वर्षांपूर्वी गेला. आता शाळेचा संगीत मास्तर करतो, पण त्याला घाई फार.”

ज्ञानदेवांच्या घरात वकील या शब्दाला फार वरची जागा होती. चंद्रपूरच्या घरात बुद्धमूर्तीशेजारी बाबासाहेबांचा फोटो होता, तसाच तो इथे दीक्षाच्या घरातही होता. त्यामुळे कुणी वकील म्हटला की ज्ञानदेव आधी त्याच्याबद्दल चांगलंच धरून चालत, आणि मग कोर्टातली चौतीस वर्षं आठवून थोडे खाली उतरत. पाइकच्या बाबतीतही तसंच झालं.

मंगळवार आणि शुक्रवार ठरले. ज्ञानदेव वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढत आणि मार्जरीबाई एका बोटानं ते कॉम्प्युटरवर टाइप करत. रोजनिशीच्या नऊ वह्या होत्या. त्यांतून हळूहळू एक माणूस बाहेर येऊ लागला. त्याला आपल्या टोपीचा गर्व होता. मेहुणा त्याला अजिबात आवडत नसे. गरीब पक्षकाराकडून तो फीऐवजी बटाटे घ्यायचा आणि बटाटे खराब निघाले की रोजनिशीत त्या पक्षकाराचा उद्धार करायचा. बायकांना मताचा अधिकार द्यावा असं बिल सभागृहात आलं तेव्हा त्यानं विरोधात मत दिलं. त्याच्या बायकोचं नाव लिडिया. त्यानंतर रोजनिशीत रोज एकच ओळ होती, ‘लिडिया बोलत नाही.’ दहाव्या दिवशी लिहिलं होतं, ‘लिडिया आज बोलली. म्हणाली, मीठ दे.’

हे वाचून मार्जरीबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. “बरं केलं तिनं. मी मीठसुद्धा मागितलं नसतं.”

दोन वर्षांनी तेच बिल पुन्हा आलं आणि पास झालं. पण तोवर पाइक एकसष्ट मतांनी निवडणूक हरून घरी बसला होता. ‘या वेळी हात वर केला असता,’ त्यानं लिहिलं होतं. ‘लिडियाला सांगितलं. ती म्हणाली, आता काय उपयोग. बरोबर आहे तिचं.’

घरी जेवताना ज्ञानदेव हे सगळं सांगत. कुशलही हेडफोन काढून ऐकायला लागला. “काय म्हणतो आज तुमचा पाइक?” तो रोज विचारायचा.

वह्या वाळतील तशा हाती येत; मे महिन्यात १९११ सालची, काउंटीच्या बिलाच्या दिवसांची वही आली. साठ वर्षांपूर्वी, खोका तळघरात जाण्याआधी, कुणीतरी या वहीतली काही पानं टाइप करून ठेवली होती, तीच पाटीवरच्या मजकुरासाठी वापरली होती. त्या भाषणाच्या दिवसाखाली टाइप केलेलं होतं, ‘व्होट पूर्ण गमावलं. तरी काम सोडलं नाही.’ म्हणजे, सकाळी आपल्या बाजूला एकही मत नव्हतं, तरी पाइक लढला, असा अर्थ गावानं लावला होता.

ज्ञानदेवांनी मूळ पान समोर घेतलं आणि सवयीनं बोट ठेवून ताडायला लागले. बोट त्या शब्दावर थांबलं.

पाइक टी अक्षराची आडवी दांडी कधी विसरत नसे. उलट ती इतकी लांब मारायचा की पुढच्या दोन शब्दांवर छत यावं. या शब्दावर दांडी नव्हती. वर, जरा उजवीकडे सरकलेलं, एक टिंब होतं. ते टिंब आयचं होतं आणि त्यापुढचं अक्षर सी. ज्ञानदेवांनी भिंग मागवून घेतलं. शब्द व्होट नव्हता, व्हॉइस होता.

‘आवाज पूर्ण गेला. तरी काम सोडलं नाही.’

त्यांनी लगेच काही सांगितलं नाही. ‘खरी नक्कल’ लिहिण्याआधी एकाच शब्दावर भिस्त ठेवायची नाही, ही जुनी शिस्त होती. ते पुढचं पान वाचू लागले. ‘डॉक्टर म्हणतात घसा आठवडाभर उघडणार नाही. स्पीकरनं दोनदा नाव पुकारलं, मी मान हलवली.’ त्यानंतर दोन दिवसांनी, ‘संपादक आला होता. म्हणतो, लोकांना भाषण हवं आहे, मी चांगलं लिहून छापतो. पुढच्या वर्षी निवडणूक आहे. मी नाही म्हणालो नाही.’

सहा तासांचं भाषण झालंच नव्हतं. ते वर्तमानपत्राच्या संपादकानं लिहिलं होतं, आणि पाइकनं लिहू दिलं होतं.

समोर मार्जरीबाई एका बोटानं टाइप करत होत्या. भिंतीवर काळ्या कोटातले रॉय टिलसन हात उंचावून उभे होते. ज्ञानदेवांनी वही मिटली. “मॅडम, आज जरा डोळे दुखताहेत,” असं म्हणून ते लवकर घरी गेले.

शनिवारी दीक्षा, कुशल आणि ज्ञानदेव महिन्याच्या सामानासाठी शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यू या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर गेले. नेहमीप्रमाणे पार्किंग मिळेना. कुशल बाजरीचं पीठ आणि जवस आणायला उतरला आणि बापलेक गाडीतून त्याच गल्लीत चकरा मारत राहिले. तिसऱ्या चकरेला ज्ञानदेवांनी सगळं सांगितलं.

“मग प्रॉब्लेम काय आहे?” दीक्षानं विचारलं.

“त्या बाईच्या नवऱ्यानं सव्वीस वर्षं ते भाषण केलं, दीक्षा. मी कोण कुठला, चंद्रपूरहून येऊन सांगणार की ते झालंच नाही?”

“तुम्ही नकला विभागात होता तेव्हा पक्षकाराला वाईट वाटेल म्हणून कधी शब्द बदलला का?”

“नाही.”

“मग?”

“पक्षकार मला रोज चहा करून देत नव्हता,” ज्ञानदेव म्हणाले.

दीक्षा हसली. पुढची गाडी निघत होती म्हणून तिनं इंडिकेटर लावला. “बाबा, सांगताना एकदम नका सांगू. आणि तुम्ही जे वाचलंय ते पूर्ण आहे का, तेही बघा. तो बोलला नाही, तर मग बिल पडलं कसं?”

हा प्रश्न ज्ञानदेवांना सुचलाच नव्हता. मंगळवारी त्यांनी खोक्याच्या तळाशी सुतळीनं बांधलेलं एक पुडकं काढलं. त्यावर कुणीतरी ‘किरकोळ’ असं लिहिलेलं होतं. आत खेळायच्या पत्त्यापेक्षा थोड्या मोठ्या चिठ्ठ्या होत्या. एकशे सात. प्रत्येकीवर एकेक आडनाव, आणि सगळ्यांवर त्या भाषणाच्या दिवसाचीच तारीख.

त्यांनी पहिली वाचली. ‘मिस्टर डॅनफर्थ, तुमचे वडील पुरात अडकले तेव्हा आमच्या नदीकाठच्या एका घरानं त्यांना तीन दिवस जेवू घातलं. तुम्हीच मला हे सांगितलंत. हे बिल त्या घराला आपल्या काउंटीतून काढतं. मला आज बोलता येत नाही, म्हणून लिहितो.’

दुसरी. ‘मिस्टर क्वेल, गेल्या हिवाळ्यात तुम्ही मला मूर्ख म्हणालात. तेव्हा ते खरं होतं. आज नाही.’

तिसरी. ‘मिस्टर ओस्टरहाउट, आमच्याकडच्या एका विधवेला मृत्युपत्र नोंदवायला आज सहा मैल चालावं लागतं. तुम्ही हात वर केलात तर एकवीस.’

पाइक त्या दिवशी एका बाकावरून दुसऱ्या बाकाशी गेला होता. ज्याच्या त्याच्या हातात त्याची त्याची चिठ्ठी ठेवली होती. आणि वकीलच तो, प्रत्येक चिठ्ठीचा कच्चा मसुदा स्वतःजवळ ठेवल्याशिवाय त्याच्यानं राहवलं नव्हतं. एकशे सात चिठ्ठ्यांत दोन सारख्या नव्हत्या. एवढ्या माणसांचं एवढं सगळं लक्षात ठेवायला सहा तासांच्या भाषणाहून जास्त काहीतरी लागतं, असं ज्ञानदेवांना वाटलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि आपले डोळे एका टोपीवाल्या, बटाट्यांवरून कुरकुरणाऱ्या माणसासाठी भरून येताहेत याचं त्यांना जरा हसूही आलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “टाइप करणं थांबवा. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक वाईट आहे, एक चांगली. वाईट आधी सांगतो.”

त्यांनी व्हॉइस आणि व्होट दाखवलं. दांडी दाखवली, टिंब दाखवलं. संपादकाची ओळ वाचून दाखवली. मार्जरीबाई उठल्या, सिंकपाशी जाऊन स्वच्छच असलेला कप त्यांनी धुतला, पुसला, पुन्हा धुतला.

“रॉय आरशासमोर उभा राहून पाठ करायचा,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “जुलैपासून. कुत्र्यालासुद्धा पाठ झालं होतं.”

ज्ञानदेवांनी चिठ्ठ्यांचं पुडकं टेबलावर मार्जरीबाईंच्या बाजूला सरकवलं आणि क्वेलची चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

मार्जरीबाई वळल्या. “परत वाचा.”

त्यांनी परत वाचली. मग डॅनफर्थची. मग एक होती ज्यात पाइकनं एका सभासदाला फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘तुमचं मत मला मिळणार नाही हे ठाऊक आहे. तरी चिठ्ठी सगळ्यांना दिली आणि तुम्हाला नाही, असं व्हायला नको.’ दुपारचे दोन वाजले, तीन वाजले. दीक्षा न्यायला आली तेव्हा दोघं एकेका चिठ्ठीवर डोकं घालून बसली होती आणि मार्जरीबाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

जूनच्या बैठकीत म्युझियमच्या समितीचे सात सभासद जमले. एक गृहस्थ म्हणाले की पाटी बदलायला लागेल, उगाच खर्च. एक बाई म्हणाल्या की इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं. संगीत मास्तर म्हणाले की मग आपण यंदा कोट घालायचा की नाही. शेवटी मार्जरीबाई उभ्या राहिल्या आणि सगळे आपोआप नीट बसले.

“भाषण रॉयचं होतं,” त्या म्हणाल्या. “ते कुणी काढणार नाही. ते होईल, आणि आधी सांगून होईल की हे संपादकानं लिहिलं आणि रॉय टिलसननं सव्वीस वर्षं गाजवलं. पण पाइकनं जे केलं ते पाइकला परत मिळालं पाहिजे. मिस्टर मेश्रामांनी प्रत्येक शब्द ताडून पाहिला आहे. ज्याला शंका असेल त्यानं त्यांच्याशेजारी बसून वाचून दाखवावं.”

कुणीच पुढे आलं नाही. ठराव पास झाला.

पाइक डे सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी झाला. ऊन छान होतं. कोर्टासमोरच्या हिरवळीवर ॲपल पाय मांडले होते, पुस्तिकांचा गठ्ठा होता. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर ‘हस्ताक्षर वाचन आणि पडताळणी, ज्ञानदेव मेश्राम’ असं छापलं होतं. दीक्षानं त्याचा फोटो काढून चंद्रपूरच्या आत्याला पाठवला. संगीत मास्तरांनी भाषण केलं आणि या वेळी घाई केली नाही. त्यानंतर गावातली माणसं एकेक चिठ्ठी घेऊन पुढे आली. पोस्टातली बाई, दंतवैद्य, पेट्रोलपंपाचा मालक, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे दोघे भाऊ. चिठ्ठी वाचायची आणि समोर बसलेल्या कुणाच्या तरी हातात द्यायची, असं ठरलं होतं. पोस्टातल्या बाईंनी क्वेलची चिठ्ठी वाचली आणि सरळ जाऊन आपल्या नवऱ्याच्या हातात ठेवली. हशा पिकला तो कोर्टाच्या घुमटापर्यंत गेला असेल. कुशल इतका हसला की त्याच्या शर्टावर ॲपल पाय सांडला.

ज्ञानदेव मागच्या रांगेत बसले होते. त्यांना वाचायला सांगितलं होतं, पण त्यांनी नको म्हटलं. नक्कल करणाऱ्यानं नक्कल करावी, उभं राहून वाचायचं काम दुसऱ्यांचं, असं त्यांचं मत होतं.

कार्यक्रम संपता संपता एक उंच, वाकलेले गृहस्थ त्यांच्याशेजारी येऊन बसले. मेरिडॉनहून आले होते, तिथल्या म्युझियमचं काम बघत. चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला तेव्हा ज्ञानदेव तरुण कारकून होते. पुढे तिकडे कोर्ट झालं आणि दस्तऐवजांचे बस्ते ट्रकमध्ये भरून पाठवायचे ठरले, तेव्हा त्यांनीच ते मोजून दिले होते. इकडचे लोक हळहळले होते. पण तिकडच्या माणसांचा कोर्टात यायचा दिवसभराचा प्रवास वाचला होता. तेव्हापासून जिल्हा तोडा म्हणणाऱ्यांचंही काही म्हणणं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

“ते बिल पास झालं असतं तर तुमच्या लोकांना कमी मैल चालावं लागलं असतं,” ज्ञानदेव त्या गृहस्थांना म्हणाले.

“हेच तर आम्ही शंभर वर्षं सांगतोय!” ते एकदम ताठ बसले. “ते बिल ज्यानं आणलं तो आमचा माणूस होता. हायरम स्टॅन्क. तोही वकील. त्याची ट्रंक आमच्याकडे आहे, पण अक्षर असलं आहे की...”

“ए बंद करतो का?”

“काय?”

“काही नाही. कागद कोरडे आहेत ना?”

“अगदी कोरडे.”

पलीकडून मार्जरीबाई ॲपल पायची एक प्लेट घेऊन येत होत्या. त्यांनी शेवटचं ऐकलं होतं. “मंगळवार आणि शुक्रवार आमचे आहेत,” त्या मेरिडॉनच्या गृहस्थांना म्हणाल्या, बसमधल्या पोराला म्हणावं तशा.

“गुरुवार मोकळा आहे मॅडम,” ज्ञानदेव म्हणाले आणि प्लेट हातात घेतली. ॲपल पाय अजून गरम होता.